धर्मदासभाऊंनी न दिलेले गुण

फोन पहिल्यांदा वाजला तेव्हा मी प्रातःसंध्येला बसलो होतो. अर्घ्य झाले होते, जप उरला होता. साठ वर्षांच्या सवयीने मी उठलो नाही. फोन दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. मी बोटांची पेरे मोजत राहिलो. जप पुरा करून, आसनाची घडी घालून मी उठलो, तोवर तो चौथ्यांदा वाजू लागला होता. पलीकडे कौसल्याबाई होत्या, धर्मदासभाऊंच्या पत्नी. "गुरुजी, हे गेले जी," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्याबरोबर छातीत कळ आली. चंद्रपूरले नेऊन राह्यलो होतो... मूल गावाच्या अलीकडंच सारं आटपलं." मग म्हणाल्या, "गाडीत म्हणत होते, गुरुजीले फोन लाव, गुरुजीले फोन लाव. लावला होता मी. तीनदा लावला."

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मृत्यूविषयी मी आयुष्यभर इतरांचे सांत्वन करीत आलो. देह वस्त्रासारखा आहे, शोक करू नये, असे कितीतरी घरांत बसून शांत स्वरात सांगितले. त्यांतला एकही शब्द आज मला उपयोगी पडत नाही, कारण माझे दुःख केवळ वियोगाचे नाही. धर्मदासभाऊ गेले ते एक डाग घेऊन गेले. एका नामवंत नटाच्या छायाचित्राला त्यांनी मत्सरापोटी गुण नाकारले, असा तो डाग. तो खोटा होता. आणि तो लावणाऱ्या कागदावर पहिली सही माझी होती. हे मी आज लिहितो आहे, पण ज्यांनी वाचावे ते वाचायला नाहीत.

त्यांची माझी ओळख तीस वर्षांपूर्वीची. मी सावली गावच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि त्यांचा फोटो स्टुडिओ बसस्थानकासमोर होता. दहावीच्या वर्गाचा निरोपाचा फोटो काढायला ते आले. मी प्रथेप्रमाणे मधल्या खुर्चीवर बसलो. त्यांनी कॅमेऱ्यातून पाहिले, मान वर केली आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "गुरुजी, तुमी मंधात नोका बसू जी. पोरायचा फोटो हाय, तुमचा नाई." पोरे खुदकन हसली. मी रागाने कडेला जाऊन उभा राहिलो. पुढे फोटो हाती आला तेव्हा त्यात पंचेचाळीस चेहरे होते आणि प्रत्येक चेहरा ओळखू येत होता. त्याआधीच्या सगळ्या वर्षांच्या फोटोंत केवळ माझे उपरणे तेवढे उठून दिसे. मी स्टुडिओत जाऊन त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "क्षमा कायची? उपरणं चांगलंच होतं. जरासं जास्त पांढरं होतं, एवढंच."

पुढे आमच्या बैठकी होऊ लागल्या. ते बौद्ध, मी नित्य देवपूजा करणारा. ते मला त्यांच्या वंदनेतील पाली शब्दांचे अर्थ विचारीत आणि मी सांगितलेले संस्कृत मूळ ऐकून म्हणत, "म्हणजे तुमचं-आमचं घर एकाच गल्लीत हाय, फक्त दरवाजे उलटे." येथे एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. या मैत्रीची पहिली सात वर्षे मी त्यांच्या घरचे पाणी प्यालो नव्हतो. कोणी मनाई केली नव्हती; मी स्वतःला सांगत असे की तसा योगच आला नाही. त्यांनी कधी विचारले नाही आणि कधी आग्रहही केला नाही. मी गेलो की ते मला स्टुडिओतच बसवीत आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवीत. सात वर्षांनी त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला बसलो तेव्हा ते वाढायला आले आणि माझ्या ताटात भाताचा डोंगर करून म्हणाले, "सात वर्षाचा बॅकलॉग हाय, गुरुजी." मी हसलो. त्या हसण्याने सारे फिटले, असे मी पुढे कितीतरी वर्षे मानत आलो.

स्टुडिओवर पोट, पण त्यांचा जीव जंगलात. रविवारी कॅमेरा घेऊन ते चंद्रपूरच्या अंगाला नाहीतर वैनगंगेपलीकडे गडचिरोलीकडे निघत. नाले, पाणवठे, कोणत्या वळणावर कोणत्या महिन्यात ऊन कुठून येते, हे त्यांना मला स्तोत्रे येतात तसे मुखोद्गत होते. हळूहळू छायाचित्रांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून त्यांना बोलावणी येऊ लागली. त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई, कारण त्यांनी कधी कोणाचे तोंड पाहून गुण दिले नाहीत. पुढे मोठी माणसे कॅमेरे घेऊन आमच्या जंगलात येऊ लागली. नट आले, क्रिकेटपटू आले, गायक आले, आणि प्रत्येकाचे प्रदर्शन भरू लागले. आमच्याकडील हौशी मंडळी एकतर त्यांच्या पायाशी लोळत, नाहीतर पाठीमागे नाके मुरडीत. धर्मदासभाऊ दोन्ही करीत नसत. "नट हाय म्हणून फोटो चांगला नाई होत," ते म्हणत, "अन् नट हाय म्हणून खराबही नाई होत. काऊन का वाघ सिनेमा पाहात नाई. त्याच्यासाठी सारे सारखेच. मंग आपणही वाघासारखंच पाहावं." एखादे छायाचित्र हाती आले की त्यांचा पहिला प्रश्न असे, काढणारा उभा कुठे होता? रंग, छाया, रचना हे सारे नंतर.

गेल्या हिवाळ्यात चंद्रपुरात वन्यजीव छायाचित्रांची मोठी स्पर्धा झाली. तीत नामवंतांसाठी एक वेगळा विभाग ठेवला होता. परीक्षक तिघे: धर्मदासभाऊ, नागपूरचे एक सद्गृहस्थ, आणि मी. माझे छायाचित्रणाचे ज्ञान शून्य. पण रससिद्धान्तावर मी व्याख्याने देतो, तेव्हा मानपत्राची भाषा सांभाळायला कोणीतरी हवे म्हणून मला घेतले होते. छायाचित्रांवरील नावे झाकलेली होती. धर्मदासभाऊ माझ्या कानाशी लागून म्हणाले, "नाव झाकलं, पण लेन्स कशी झाकन? हे पाहा, हा क्रिकेटवाला. सारे फोटो सीटवर बसूनच. पॅव्हेलियनातून खाली उतरलाच नाई." नागपूरकर मोठ्याने हसले. दुपारपर्यंत दोनच छायाचित्रे शर्यतीत उरली आणि दोन्ही एकाच नटाची होती, हे त्याच्या प्रदर्शनात पाहिलेल्या कागदाच्या जातीवरून आम्हा तिघांनाही कळले होते.

एक अगदी साधे होते. भल्या सकाळी जंगलाच्या गेटवरचा म्हातारा चौकीदार अडसर उचलताना तोंड भरून जांभई देतो आहे, एवढेच. थोडे तिरके, बहुधा मोबाइलने काढलेले. दुसरे भव्य. वाळलेल्या गवतात उभी वाघीण, पायांशी एक पिल्लू, आणि तिची नजर सरळ आपल्यावर रोखलेली. त्या नजरेत असे काही होते की माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी म्हणालो, यात भयानक रस वात्सल्यात विरघळला आहे. इतका शुद्ध मातृभाव मी अलीकडे चित्रात पाहिला नाही. नागपूरकरांनी मान डोलावली. धर्मदासभाऊंनी ते चित्र खिडकीपाशी नेले, डाव्या कोपऱ्यातील गवतावर बोट ठेवले, बराच वेळ उभे राहिले... परत आले ते निराळ्याच चेहऱ्याने. "मी याले नंबर देत नाई," ते म्हणाले. "जांभईले द्या. थो फोटो त्या माणसानं खाली उतरून, बाजूले उभं राहून काढला. लहान झाला तिथी तो. खरा हात त्याच्यातच हाय त्याचा."

"अहो, पण वाघिणीत दोष कोणता?" नागपूरकरांनी विचारले.

"दोष नाई विचारायचा."

"असे कसे? गुण नाकारले तर कारण लिहावे लागते. रकाना आहे तेथे."

"रकाना राहू द्या रिकामा."

नागपूरकर फोन करायला बाहेर गेले. खोलीत आम्ही दोघेच उरलो. चहा आला होता. मी माझ्या मते अत्यंत सौम्य स्वरात, वडीलकीने विचारले, "धर्मदासभाऊ, चाळीस वर्षे तुम्ही या जंगलात झिजलात आणि हा माणूस चार दिवसांत असे चित्र घेऊन जातो. मनात कुठे मत्सर तर नाही ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. पंगतीच्या आधीची ती सात वर्षे ते जसे पाहत असत, तसे. मग म्हणाले, "चहा थंडा होऊन राह्यला, गुरुजी."

मी सही केली. दोनास एक असा निर्णय झाला. मानपत्र मी रात्रभर घोळवून संस्कृतप्रचुर शब्दांत लिहिले, आणि ते चित्राखाली सोनेरी चौकटीत लागले. समारंभात नटाने ते वाचून माझ्या पायांना हात लावला. माणूस विनयी होता, त्याच्याविषयी माझी आजही तक्रार नाही. रिकाम्या रकान्याची गोष्ट मात्र त्याच संध्याकाळी फुटली. स्टुडिओवाल्याचे पोट दुखले, असे लोक बोलू लागले. एका स्थानिक पत्राने तर तसे छापलेही. परीक्षकपदाची बोलावणी थांबली. ज्या शाळेत मी शिकवीत होतो, त्या शाळेने वर्गाच्या फोटोसाठी दुसरा मनुष्य बोलावला. मी एका शब्दाने कोणाला अडवले नाही. मनात म्हणे, त्यांनी कारण सांगावे, मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. न्यायाला कारण लागते, असे मी मोठ्या समाधानाने स्वतःला समजावीत असे. त्यांच्या स्टुडिओकडे जाणे मी टाळू लागलो.

शेवटची भेट चामोर्शीच्या आठवडी बाजारात झाली, अकस्मात. मी मार्कंड्याचे दर्शन करून परतत होतो. ते जवसाच्या ढिगापाशी उभे होते. खूप वाळले होते. मी विचारले, बरे आहात ना? म्हणाले, "बराच हाय. डोळे साथ देऊन राह्यले, पाय नाई." मग थोडे घुटमळून म्हणाले, "एखांद्या दिवशी घरी या ना जी, गुरुजी. दुकानात नोका. घरी." मी म्हणालो, "येतो, चातुर्मास संपू द्या." चातुर्मासाचा आणि त्यांच्या घराचा काय संबंध होता, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानंतर सोळा दिवसांनी ते गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात मागे एक मनुष्य गुडघ्यांत डोके घालून बसला होता. वंदना संपली, लोक पांगले, तरी तो उठेना. कौसल्याबाई म्हणाल्या, "हा मानकू. जंगलात गाइड हाय. यायचा लई जीव त्याच्यावर." मी जवळ गेलो तेव्हा त्याने मान न उचलताच विचारले, "तुमीच का थे संस्कृतवाले गुरुजी? वाघिणीखालचा बोर्ड तुमीच लेहला?" मी होय म्हणालो. तो म्हणाला, "मंग आयका." आणि मांडवाच्या त्या खांबाशी बसून मी जे ऐकले, ते ऐकण्यापूर्वी मला मरण आले असते तर बरे झाले असते, असे आज वाटते.

ज्या नाल्याकाठी ते चित्र काढले होते, तिथे गाडीचा रस्ताच नाही. नटाने हट्ट धरला, बरोबरच्या मंडळींनी मानकूला दटावले, आणि त्याने गाडी गवतात उतरवू दिली. वाघिणीला पिल्ले दोन होती. एक तिच्या पायांशी होते. दुसरे गाडीच्या मागे राहिले. "गाडी मंधात," मानकू म्हणाला. "इकडं माय, तिकडं पिल्लू. थे आमच्याकडं पाहातच नव्हती जी. थे गाडीच्या पल्याड पाहून राह्यली होती. अन् साहेब म्हणत, हलू नका, हलू नका, काय लुक देऊन राह्यली!"

मी विचारले, "मग?"

"मंग काय. बऱ्याच वेळानं गाडी मांगं घेतली. त्याच्यानंतर तिच्यासंगं एकच पिल्लू दिसलं. दुसरं कायनं गेलं, मी नाई सांगू शकत. बिबट्यानंही नेलं असन." मग म्हणाला, "भाऊनं फोटो पाहिला अन् सीधे माह्या घरी आले. दबलेलं गवत पाहून वळखलं त्यायनं. त्या पाळीले गाइड कोण होता, थेही त्यायले मालूम होतं. म्हणलं, भाऊ, सांगून टाका, जाऊ द्या माहं काम. तर म्हणे, साहेबाचं काई जात नाई, तुहं सारं जाते. तू चूप राय, मीही चूप रायतो. लोकं दोन दिवस बोलन अन् भुलन."

लोक विसरले नाहीत. मीही विसरलो नाही. एका घराची चूल चालू राहावी म्हणून त्यांनी आयुष्यभराची एकमेव मिळकत, आपल्या निवाड्याचा लौकिक, मुकाट्याने सोडून दिली, आणि मी ज्याला वात्सल्य म्हणून मानपत्रात सजवले, तो एका आईचा आकांत होता. ग्रंथांत मी सारे भाव वाचले होते, त्यांचे विभाव-अनुभाव पाठ होते, पण समोर उभ्या आईच्या डोळ्यांतले भय मला ओळखता आले नाही. ते पाहायला कॅमेरा लागत नाही, शास्त्रही लागत नाही. मला त्याहून मोठी भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. रिकामा रकाना नागपूरकरांनी ठेवला असता, तर मी त्यांना मत्सराविषयी विचारले असते काय? हा प्रश्न मी रोज देवासमोर बसून स्वतःला विचारतो. देव उत्तर देत नाही, आणि माझे उत्तर मला सांगवत नाही.

मानकूच्या संमतीने मी हे लिहीत आहे. भाऊ गेले त्या दिवसापासून तो गेटवर गेलेला नाही. घरच्या धानात त्याने मन घातले आहे. "लेहा जी," तो म्हणाला. "ज्याच्या सांगण्यावरून चूप होतो तोच नाई आता." मी स्पर्धेच्या कार्यालयात जाऊन माझी सही मागे घेण्याविषयी अर्ज दिला. तेथील तरुण सचिवांनी मला आदराने बसवले, पाणी दिले आणि म्हणाले, "गुरुजी, आता कशाला तो विषय? चित्र तर पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर गेले. आणि ज्यांची हरकत होती, तेही आता राहिले नाहीत." बाहेर दालनात मानपत्र तसेच झळकत होते. माझेच अक्षर. एक मुलगी ते मोठ्याने वाचून आईला अर्थ विचारीत होती, आणि आई म्हणत होती, "बाळ, वाघीण आपल्या पिल्लावर किती माया करते, असं लिहिलंय." मी त्यांच्या मागून तसाच बाहेर पडलो.

गेल्या आठवड्यात मी अखेर त्यांच्या घरी गेलो. कौसल्याबाईंनी सरळ स्वयंपाकघरात पाट मांडला. समोरच्या भिंतीवर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत एक दोरी होती आणि तिला कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यांनी छायाचित्रे टांगलेली. मी पाहतच राहिलो. बाई म्हणाल्या, "हे असंच करत. नंबर द्याचे फोटो घरी आणत अन् इथी टांगत. आठ दिवस जेवतानी पाहात. म्हणत, ज्याच्यासमोर घास गोड लागते थो फोटो खरा. मी म्हणो, मंग भाजीले नंबर देऊन राह्यले तुमी, फोटोले नाई!" आणि त्या हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना गेला. दोरीवर तो जांभई देणारा चौकीदार होता. तेवढाच माझ्या ओळखीचा.

मी विचारले, "वाघिणीचा आणला नव्हता काय?"

"आणला ना. निकाल लागल्यावर दुसरा प्रिंट मांगून आणला. एकच दिवस टांगला. म्हणे, जेवण जात नाई." त्यांनी पिठाच्या डब्याखालून एक पाकीट काढून माझ्या हाती दिले. आत ती वाघीण होती. मी या वेळी तिच्या डोळ्यांत पाहण्याचे धैर्य केले नाही. चित्र उलटे केले. मागे पेन्सिलने, त्यांच्या स्टुडिओच्या पावतीवर असे त्याच अक्षरात, एकच ओळ होती.

"गुरुजींना घरी बोलावून दाखवणे. सांगायचे काही नाही. ते पाहतील."

बाईंनी पान वाढले. भात होता, वरण होते, लाखोरीच्या डाळीचे वडे होते. "जेवा जी," त्या म्हणाल्या, "थंडं होईन." मी चित्र सुलटे केले, उठून ते दोरीला लावले आणि पुन्हा पाटावर बसलो. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यावरून, माझ्या पलीकडे, मी जी अडवून बसलो होतो त्या जागेकडे पाहत होती... घास हातातच राहिला. बाईंनी दोनदा आग्रह केला आणि मग पान झाकून ठेवले.